नौकेचें उलटें पाऊल

सातारच्या एस. टी. स्थानकावर ज्यांनीं एखादी तरी सकाळ घालविली आहे, त्यांस गाडी मागें घेण्याचा सोहळा वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. कंडक्टर खालीं उतरतो, गाडीच्या मागल्या कोपऱ्याशीं उभा राहतो, पत्र्यावर थापा मारीत 'येऊं द्या, येऊं द्या' म्हणतो, आणि शेवटीं शिट्टी वाजली कीं गाडी जागच्या जागीं थांबते. ड्रायव्हरास मागचें फारसें दिसत नसलें तरी त्याची भिस्त दोन गोष्टींवर असते : एक कंडक्टरचा शब्द, आणि दुसरी चाकाखालची जमीन. चाक जिकडे वळविलें तिकडे गाडी जाणार आणि ब्रेक दाबला कीं ती थांबणार, याविषयीं त्याच्या मनांत शंका नसते.

पाण्यावर यांपैकीं दुसरी गोष्ट मुळींच नसते. नौकेस ब्रेक नाहीं, तिच्या खालचा रस्ता स्थिर नाहीं, आणि सुकाणूं फिरविलें म्हणजे ती वळेलच असा भरंवसाहि नाहीं. मागें जातांना तर नाहींच नाहीं. हें मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, तेंहि साता समुद्रांपलीकडे, शिकावें लागलें, आणि तें शिकतांना आमच्या वहिनींचा उजवा हात थोडक्यांत वांचला. ती हकीकत, आणि तिच्या निमित्तानें पदरीं पडलेलें थोडेंसें नौकाशास्त्र, वाचकांपुढें ठेवावें असा विचार आहे.

कृष्णाकांठचीं माणसें

आमचें मूळ घर साताऱ्याचें. थोरले बंधू नोकरीच्या निमित्तानें सांगलीस गेले आणि तेथेंच स्थायिक झाले. वहिनींचें माहेर संगममाहुलीचें, जेथें वेण्णा कृष्णेस मिळते. आणि सासर सांगलीचें, जेथून जवळच हरिपुरास वारणा कृष्णेस मिळते. 'माहेरचें पाणी मला रोज दारीं भेटावयास येतें,' असें त्या कौतुकानें म्हणत.

पण नदीवर प्रेम असणें निराळें आणि नावेंत बसणें निराळें. सांगलीस १९२९ सालीं आयर्विन पूल झाला आणि पलीकडच्या सांगलीवाडीस जाण्यासाठीं नावेची वाट पाहण्याची गरज उरली नाहीं. तेव्हांपासून आमच्यासारख्या घरांतून नाव ही केवळ पाहण्याची वस्तु झाली. होड्यांच्या शर्यती घाटावरून पाहाव्या, वल्हीं एका ठेक्यांत पडूं लागलीं कीं टाळ्या वाजवाव्या आणि घरीं यावें, एवढाच आमचा नौकानयनाशीं संबंध.

तो संबंध २०१९ च्या ऑगस्टांत बदलला. त्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर चढलें. बंधूंच्या घराचा तळमजला बुडाला, आणि दोन रात्री माडीवर काढल्यानंतर सर्व मंडळींस रबरी होडींतून बाहेर काढण्यांत आलें. त्याच आठवड्यांत, ८ ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर नेणारी नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती बातमी वहिनींनीं एका आप्ताच्या घरीं, दुसऱ्यांचें लुगडें नेसून बसल्या असतां ऐकली. 'आतां पुन्हां नावेंत पाय ठेवणार नाहीं,' असें त्या तेव्हां म्हणाल्या, आणि त्यांचें मन वळविण्याचा प्रयत्न कोणीं केला नाहीं.

दैवाचा खेळ असा कीं, त्यांचाच मुलगा इंग्लंडमध्यें नोकरीस गेल्यावर नौकेच्या नादास लागला. तिघां मित्रांनीं मिळून एक जुनी शिडाची नौका विकत घेतली, आणि शनिवार-रविवार तो तिच्यावर घालवूं लागला. बंधू आतां हयात नाहींत. गेल्या उन्हाळ्यांत वहिनी व मी असे दोघे त्याच्याकडे महिनाभर राहावयास गेलों. आईनें नौका पाहावी एवढीच पुतण्याची इच्छा होती. आणि ती नौका त्यानें विकून टाकावी अशी वहिनींची. मला मध्यस्थ म्हणून नेलें होतें, हें मला विमानांत बसल्यावर समजलें.

लांब कण्याची नौका

नौका सुमारें तीस फूट लांब आणि साडेपांच टन वजनाची होती. धक्क्यावरून पाहतां ती लहानशी वाटली. पण नौकेचा खरा देह पाण्याखालीं असतो. आपल्याकडच्या नदीवरील नावेचा तळ बहुधा सपाट असतो, कारण तिला उथळ पाण्यांतून जावयाचें असतें व वाळूवर चढावयाचें असतें. समुद्रावरील शिडाच्या नौकेस मात्र खालीं कणा लागतो. त्यास कील असें म्हणतात. कण्यावांचून शिडाची नौका वाऱ्याबरोबर पाचोळ्यासारखी बाजूस वाहत जाईल.

हा कणा काय करतो तें कोणासहि घरच्या हौदावर पाहतां येईल. एक लांबट लांकडी फळी घ्यावी, ती पाण्यांत उभी धरावी, आणि प्रथम लांबीच्या दिशेनें ओढावी. ती लोण्यांतून सुरी जावी तशी जाते. मग तीच आडवी ढकलून पाहावी, हात थकतो. शेवटीं ती मधोमध धरून जागच्या जागीं गोल फिरवूं लागावें; तेव्हां दोन्ही टोकांशीं पाणी किती अडवितें तें मनगटास कळतें. फळी जितकी लांब तितकी ती फिरण्यास नाराज. पुष्कळशा नव्या नौकांचा कणा आंखूड व खोल असून मधोमध असतो, आणि सुकाणूं त्यापासून दूर, अगदीं मागें असतें. अशी नौका भोंवऱ्यासारखी जागीं फिरते. जुन्या पद्धतीच्या नौकेंत कणा नाकाच्या जवळून निघून थेट मागपर्यंत जातो, आणि सुकाणूं त्याच्याच मागल्या कडेस बिजागऱ्यांवर टांगलेलें असतें. पुतण्याची नौका या दुसऱ्या जातीची.

या जातीचें एक नामांकित उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाच्या तरुण इंग्रज दर्यावर्दी अधिकाऱ्यानें कुलाब्याच्या गोदींत, हिंदी सुतारांच्या हातून, सागवानी लांकडाची ३२ फुटांची एक नौका बांधवून घेतली. ती १९६४ च्या डिसेंबरांत पाण्यांत उतरली. तिचें नांव 'सुहेली'. इराणच्या आखातांतील आग्नेय दिशेच्या वाऱ्यास अरब खलाशी हें नांव देतात. याच नौकेंतून १४ जून १९६८ रोजीं तो इंग्लंडच्या फालमथ बंदरांतून एकटा निघाला, आणि वाटेंत कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं त्याच बंदरीं परतला. एकट्यानें, विनाथांबा, अशी प्रदक्षिणा त्यापूर्वीं कोणीं केली नव्हती. आपोआप सुकाणूं धरणारें जें साधन त्यानें बसविलें होतें, तें अर्ध्या वाटेवर निकामी झालें. तरी शिडें नीट जुळवून ठेवलीं कीं 'सुहेली' आपली दिशा आपणच धरून चालत असे. लांब कण्याचा गुण तो हाच.

पुढें 'सुहेली'च्याच धर्तीवर 'तुरीया' नांवाची नौका गोव्यांत दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत २०१७ सालीं बांधण्यांत आली. याच कारखान्यांत आधीं बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, आणि असा एकाकी प्रवास करणारे ते पहिले भारतीय ठरले. 'तुरीया'वर नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतींत उतरले. हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत त्या सप्टेंबरांत वादळानें नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीस जबर इजा झाली. परंतु नौका तरंगत राहिली, आणि मदत पोंचेपर्यंत तिनें आपल्या धन्यास पोटाशीं धरून ठेवलें. त्याच शर्यतीच्या २०२२ च्या खेपेस ते दुसऱ्या एका लांब कण्याच्या नौकेंतून निघाले, आणि २०२३ च्या एप्रिलांत त्यांनीं दुसरा क्रमांक मिळविला.

हें सर्व पुतण्यानें आईस मोठ्या उत्साहानें सांगितलें. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, 'इतकी गुणाची आहे, मग परवां फोनवर तिला शिव्या कां देत होतास?'

पुतण्या हंसला. 'आई, ती पुढें जातांना गुणाची. मागें जातांना नव्हे.'

मागें जातांना काय होतें

खासगी नौका ठेवण्यासाठीं तिकडे जीं बंदरें बांधतात त्यांस मरीना म्हणतात. तबेल्यांतील ठाणांप्रमाणें तेथें गाळे असतात. दोन रांगांच्या मधून पाण्याची एक अरुंद गल्ली जाते. पुतण्याच्या वांट्यास आलेल्या गाळ्याची रचना अशी कीं, नौका मागल्या अंगानें आंत घातली तरच चढउतार सोयीची होत असे. म्हणून दर खेपेस हें उलटें पाऊल टाकणें त्यास भाग होतें.

उंसाच्या हंगामांत आपल्याकडे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे जातांना सर्वांनीं पाहिला आहे. तो पुढें गजगतीनें जातो. पण अडचणीच्या जागीं तो मागें घेण्याची पाळी आली कीं मागची ट्रॉली भलतीकडेच तोंड फिरविते, आणि पुष्कळदां ट्रॉल्या सोडवून एकेक मागें घ्यावी लागते. लांब कण्याच्या नौकेची गत थोडीफार अशीच. फरक इतकाच कीं ती सोडवून तिचे दोन भाग करतां येत नाहींत.

याचीं कारणें पुतण्यानें मला कागदावर काढून दाखविलीं. पहिलें कारण सुकाणूचें. सुकाणूं म्हणजे पाण्यांत उभी टांगलेली फळी. तिच्यावरून पाणी वाहत असेल तरच ती नौकेची पिछाडी इकडे किंवा तिकडे ढकलूं शकते. यंत्र सुलट चालूं असतें तेव्हां सुकाणूच्या लगेच पुढें बसविलेला पंखा पाण्याचा झोत मागें, म्हणजे नेमका सुकाणूवर, फेंकतो; म्हणून नौका जागची हललीहि नसतां वळूं लागते. यंत्र उलट फिरविलें कीं तोच झोत पुढें, कण्याकडे जातो. मग नौका स्वतः मागें सरकूं लागून पुरेशी गति येईपर्यंत सुकाणूं धरणारा मनुष्य केवळ शोभेपुरता उरतो.

दुसरें कारण पंख्याच्या एका खोडीचें. पंखा पाणी जसें सरळ ढकलतो तसें थोडेंसें आडवेंहि ढकलतो. बहुतेक नौकांवरचा पंखा, मागून पाहिलें असतां, पुढें जातांना घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरतो. असा पंखा उलट फिरविला कीं नौकेची पिछाडी डावीकडे सरकते. जणूं पंखा हें एक चाक असून तें तळाच्या चिखलांत बाजूस गडगडत चाललें आहे. लांब कण्याच्या नौकेंत उलटा झोत कण्याच्या एका अंगावर आदळत असल्यामुळें ही खोड आणखीच बळावते.

तिसरें कारण वाऱ्याचें. नौकेचें नाक पाण्याच्या वर उंच व पाण्याखालीं उथळ असतें; पिछाडी पाण्यांत खोल रुतलेली असते. मंद गतींत वारा नाकास सहज ढकलतो, पिछाडीस ढकलूं शकत नाहीं. म्हणून मागें जाणारी नौका आपली पाठ वाऱ्याकडे करूं पाहते. वळवाच्या पावसांत माळावरचीं जनावरें वाऱ्याकडे पाठ करून उभीं राहतात तशी. या तिन्ही कारणांवर, वळण्यास मुळांतच नाराज असलेला लांब कणा आणि साडेपांच टनांचें वजन यांची भर पडली, म्हणजे चित्र पूर्ण झालें.

यंत्र नव्हतें त्या काळीं या फंदांत कोणी पडत नसे. आंग्र्यांच्या आरमारांतील अवजड गुराबा वारा पडला असतां वल्ह्यांच्या गलबतांनीं दोर लावून ओढून न्याव्या लागत. शिडाचें जहाज अरुंद जागीं शिरावयाचें तें दोरानें, वल्ह्यानें आणि मनुष्यबळानें. यंत्र आल्यावर दोर हातांतून सुटला, आणि 'यंत्र सर्व करील' असा भ्रम तेवढा हातीं राहिला.

दोन फसलेले प्रयत्न

त्या रविवारीं सकाळीं वहिनी धक्क्यावर उभ्या राहून नौका पाहावयाच्या, इतकेंच ठरलें होतें. पण हवा स्वच्छ होती, पाणी सांगलीच्या घाटावर वैशाखांत असतें तसें निवांत होतें, आणि मुलाचें तोंड पाहून त्या अखेर म्हणाल्या, 'भावोजी, तुम्ही बसत असाल तर मी बसतें.' तासभर बंदरांतल्या बंदरांत फिरून आलों. सर्व कांहीं उत्तम झालें. परत फिरेपर्यंत वारा सुटला होता.

पहिल्या खेपेस पुतण्या वाऱ्याला तोंड देत गल्लींतून आला. गाळा उजव्या हातास होता. नौका थांबवून त्यानें यंत्र उलट फिरविलें, आणि पंख्यानें आपली खोड दाखविली : पिछाडी डावीकडे, म्हणजे गाळ्याच्या नेमकी विरुद्ध दिशेस, निघाली, आणि नाक उजवीकडच्या रांगेवर चाल करून गेलें. त्यानें वेळींच यंत्र सुलट करून नौका बाहेर काढली.

दुसऱ्या खेपेस तो गल्लीच्या दुसऱ्या टोंकाकडून आला. आतां गाळा डाव्या हातास होता आणि पंख्याची खोड उपयोगी पडणार होती. पण वारा पाठीमागून येत होता. पिछाडी प्रथम शहाण्यासारखी गाळ्याकडे वळली. नौका अर्धी आडवी झाली, आणि तोंच वाऱ्यानें नाक धरून परत फिरविलें. पिछाडीनें वाऱ्याचा रोख घेतला आणि ती शेजारच्या गाळ्यांतील एका सुंदर, पांढऱ्याशुभ्र नौकेकडे सरकूं लागली. सरकण्याची गति किती? नुकतें पाऊल टाकूं लागलेलें मूल चालतें तितकी. म्हणूनच धोका ध्यानांत येत नाहीं. वहिनी त्या बाजूस बसल्या होत्या. घरांत पाळणा भिंतीवर आपटूं लागला तर आपण जसा हात पुढें करतों, तसा त्यांनीं सहज उजवा हात दोन नौकांच्या मधें केला.

'आई, हात आंत!'

पुतण्या असा ओरडला कीं धक्क्यावरचीं माणसें थबकून पाहूं लागलीं. त्यानें जन्मांत आईवर आवाज चढविला नव्हता. वहिनींनीं दचकून हात मागें घेतला, आणि पुढच्याच क्षणीं दोन नौकांच्या कडा एकमेकींस भिडल्या. मध्यें लोंबत असलेला रबरी फुगा पोळीसारखा चपटा झाला, करकर असा आवाज झाला, आणि पांढऱ्या नौकेच्या अंगावर हातभर लांबीचा एक ओरखडा उमटला. साडेपांच टनांच्या त्या मंद भेटींत मनुष्याच्या मनगटाचें काय झालें असतें, तें फुग्याकडे पाहून न सांगतां समजलें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. पुतण्या गोरामोरा झाला होता. वहिनींनीं पदर सांवरला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाल्या, 'ओरडलास तें बरें केलेंस. आतां सांग, दोर कोठें आहे?'

दाव्याचा वेढा

हा प्रश्न त्यांस कसा सुचला, तें त्यांनीं मला मागाहून सांगितलें. पुरांतून त्यांस काढणारी होडी बोळांतून बाहेर पडतांना नावाड्यानें यंत्र बंद केलें होतें. विजेच्या खांबाला दोराचा वेढा देऊन, दोर थोडा थोडा सोडीत, त्यानें होडी प्रवाहाबरोबर उलट्या अंगानें हलकेच मागें सोडली होती. त्या दिवसाचें बाकीचें कांहीं त्यांस आठवावेंसें वाटत नसे. पण तो दोर त्यांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता.

तिसऱ्या खेपेस पुतण्या पुन्हां वाऱ्याला तोंड देत आला. गाळा उजव्या हातास. या वेळीं त्यानें यंत्र उलट फिरविण्याची घाई केली नाहीं. गाळ्याच्या वाऱ्याकडील कोपऱ्याशीं नौका आणून थांबविली. धक्क्यावर एक वृद्ध शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानें न विचारतां हात पुढें केला, पुतण्यानें फेंकलेल्या दोराचें टोंक झेललें आणि कोपऱ्यावरील खुंट्यास अडकविलें. दोराचें दुसरें टोंक नौकेच्या मागल्या उजव्या खुंट्याभोवतीं दोन वेढे देऊन वहिनींच्या हातीं आलें.

माहुलीच्या गोठ्यांत अडेल म्हैस आवरतांना त्यांनीं लहानपणीं हेंच केलें होतें. ज्या ओढीस दोन हातांनीं धरवत नाहीं, ती खुंट्याभोवतीं दाव्याचे दोन वेढे पडले कीं एका मुठींत राहते. कारण ओढीचा बहुतेक भार दोर आणि खुंटा यांच्या घर्षणांतच जिरतो. फक्त टोंक गांठ मारून बांधून टाकावयाचें नाहीं, आणि बोटें वेढ्याजवळ न्यावयाचीं नाहींत. 'हळू सोड, आई,' पुतण्या म्हणाला. 'मला ठाऊक आहे,' वहिनी म्हणाल्या.

मग मोठी मौज झाली. पिछाडी दोरानें धरलेली असल्यामुळें पंख्याच्या खोडीस वाव उरला नाहीं. वाऱ्यानें नेहमींप्रमाणें नाक ढकललें. परंतु या वेळीं तें ज्या दिशेस जावयास हवें होतें त्याच दिशेस गेलें. ज्या वाऱ्यानें मघां दावा साधला, तोच आतां नौका वळवून देऊं लागला. नाक गल्लीकडे व पाठ गाळ्याकडे झाली तेव्हां पुतण्यानें यंत्र क्षणभर उलट, मग बंद, पुन्हां क्षणभर उलट, असें चालविलें. पुढचा दोर वृद्धानें धरला. मागचा वहिनी वीतभर आवळीत, वीतभर सोडीत होत्या. नौका गाळ्यांत शिरून धक्क्यास टेकली तेव्हां आवाजहि झाला नाहीं.

पांढऱ्या नौकेच्या मालकास पुतण्यानें त्याच संध्याकाळीं फोन करून ओरखड्याची हकीकत सांगितली, आणि दुरुस्तीचा खर्च दिला. वहिनींनीं तें त्यास सांगावें लागलें नाहीं, याचा मला विशेष आनंद वाटला.

ध्यानांत ठेवण्यासारखें

पुढील आठ दिवस पुतण्यानें मोकळ्या पाण्यांत एक तरंगती खूण ठेवून सराव केला, आणि मी शेजारीं बसून टिपणें घेतलीं. ज्यांच्या घरचीं मुलें परदेशीं किंवा मुंबई-गोव्याकडे या छंदांत पडलीं असतील, त्यांस तीं कदाचित् उपयोगी पडतील.

नौका अरुंद जागेंत नेण्यापूर्वीं बाहेर थांबून वारा व प्रवाह कोणीकडून आहेत तें पाहावें. आपली नौका उलट यंत्रावर कोणत्या हातास सरकते, हें एकदां निवांतपणीं तपासून कायमचें ध्यानांत ठेवावें. गाळ्याशीं येण्याची बाजू त्यावरून ठरवावी. यंत्राचा मारा थोडका आणि तुटक असावा : उलट यंत्र चालूं असतां पंख्याची खोड चालते, तें बंद केलें कीं खोड थांबते, आणि नौका आपल्या वेगानें मागें सरकत असतां सुकाणूं काम करूं लागतें. पिछाडी भलतीकडे चाललीच, तर सुकाणूं पूर्ण वळवून यंत्रास क्षणभर सुलट झटका द्यावा. झोत सुकाणूवर पडून पिछाडी जागीं येते, आणि नौका पुढें फारशी सरकत नाहीं. मागें जातांना सुकाणूचा दांडा घट्ट धरावा, कारण मागून येणारें पाणी फळीस एकाएकीं एका बाजूस फिरवितें, व दांडा हातांतून सुटल्यास बरगडीवर बसतो. दोर व फुगे आधींच तयार ठेवावे. दोन नौकांच्या, किंवा नौका व धक्का यांच्या, मधें हात-पाय कधींहि घालूं नये. नौकेस ओरखडा पडला तर रंग देतां येतो. आणि वारा फारच असेल तर सरळ नाकाच्या अंगानें आंत शिरावें किंवा बाहेर थांबावें. उलटें शिरल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाहीं.

नौका विकण्याची गोष्ट वहिनींनीं परत येईपर्यंत काढली नाहीं. मीं विमानतळावर आठवण केली, तेव्हां त्या म्हणाल्या, 'त्या दिवशीं तो ओरडला नसता तर विक म्हटलें असतें.'

परत आल्यावर दिवाळींत आम्ही सर्वजण साताऱ्यास जमलों आणि कासच्या पठारावरून बामणोलीस गेलों. कोयनेच्या शिवसागराचें पाणी तेथें डोंगरांच्या कुशींत दूरवर गेलेलें आहे. पाण्याची पातळी उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते आणि कांठहि तिच्याबरोबर खालीं सरकतो, म्हणून लाँचेस गाळा कसला? ती नाक कांठास टेकवून उभी राहते, आणि निघतांना तिला मागेंच जावें लागतें. आमच्या नावाड्यानें यंत्र लगेच चालूं केलें नाहीं. हातांत वेळू घेऊन त्यानें प्रथम वाऱ्याकडे पाहिलें, मग कांठावर वेळू रोवून नाक हवें तेवढें एका अंगास रेटलें, आणि त्यानंतरच यंत्र उलट फिरविलें. लाँच मुकाट्यानें मागें निघाली.

लहान नातवंडें पाणी हातांत घेण्यासाठीं काठावरून वांकूं लागलीं होतीं. 'हात आंत,' वहिनी म्हणाल्या, आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर वासोट्याच्या डोंगराकडे पाहत बसल्या.